‘सामान्या’ आणि तिची नोंद : ऑल्डरशॉट गावाच्या इतिहासातील एक प्रकरण

इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचा स्थानिक इतिहास चाळावयास घेतला म्हणजे त्याचा साचा बहुधा ठरलेला आढळतो. प्रथम गावाच्या नावाची व्युत्पत्ती, नंतर मॅनरचे म्हणजे जमीनदारी वतनाचे एकामागून एक झालेले मालक, मग चर्चची वास्तू व तीतील थडगी, आणि शेवटी शाळा व धर्मादाय निधी. असे इतिहास लिहिणारी मंडळी कष्टाळू असतात आणि त्यांच्या व्यासंगाविषयी आदरच वाटतो. परंतु देहविक्रयावर पूर्णतः वा अंशतः पोट भरणाऱ्या ज्या स्त्रिया त्याच गावाच्या वाटांवरून चालल्या, त्यांना ह्या साच्यात जागा सापडत नाही. हा केवळ सोवळेपणाचा परिणाम आहे असे म्हणता येत नाही. अडचण साधनांची आहे. ह्या स्त्रियांविषयी जे कागद शिल्लक आहेत ते पोलीस, दंडाधिकारी आणि लष्करी वैद्य ह्यांनी लिहिलेले आहेत. त्यांत त्या स्त्रियांना जे नाव दिलेले आहे ते त्यांचे वर्णन आहे की त्यांच्यावर केलेली एक क्रिया आहे, हा प्रश्न इतिहासकाराने स्वतःस विचारल्यावाचून त्या कागदांचा उपयोग करू नये असे आम्हांस वाटते. आज ज्या व्यवसायास इंग्रजीत ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’ असे सभ्य नाव मिळालेले आहे, त्याच्या इतिहासालाही ह्या प्रश्नाचा स्पर्श होतो. हॅम्पशर परगण्यातील ऑल्डरशॉट ह्या एकाच गावाचे उदाहरण घेऊन तो तपासून पाहावयाचा आहे.

ऑल्डरशॉट ह्या नावाचे पूर्वपद ओलसर जागी वाढणाऱ्या ‘ऑल्डर’ ह्या वृक्षाचे नाव आहे. उत्तरपदाचा अर्थ जमिनीचा पुढे आलेला कोपरा किंवा झाडीचा पट्टा असा सामान्यतः लावतात. १०८६ च्या डूम्सडे बुकात हे गाव स्वतंत्रपणे नोंदलेले नाही, कारण ते क्राँडल ह्या मोठ्या वतनात मोडत असे. पुढील जवळजवळ आठ शतकांत तेथे इतिहासकाराची लेखणी थबकावी असे फारसे काही घडले नाही. सेंट मायकेलचे चर्च, काही शेतवाड्या, आणि उत्तरेस खुरट्या काटेरी झुडपांनी भरलेले निकस माळरान, एवढाच त्याचा विस्तार होता. १७९४ साली पुरा झालेला बेसिंगस्टोक कालवा ह्या माळावरून जात असे. १८५१ च्या जनगणनेत गावची वस्ती ८७५ भरली.

१८५३ साली सरे परगण्यातील चॉबम येथे सैन्याची मोठी तात्पुरती छावणी भरली. तिच्या अनुभवावरून सरसेनापती लॉर्ड हार्डिंज यांनी कायमच्या शिक्षणतळाची कल्पना मांडली, प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला पाठबळ दिले, आणि १८५४ मध्ये सरकारने ऑल्डरशॉटचा माळ विकत घेण्यास आरंभ केला. क्रिमियन युद्ध सुरू होताच लाकडी बराकी उठल्या. कालव्याच्या एका बाजूस नॉर्थ कँप, दुसऱ्या बाजूस साउथ कँप. १८६१ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या १६,००० च्या वर गेली आणि तीपैकी सुमारे ९,००० लोक सैन्याचे होते. दहा वर्षांत एका खेड्याचे जवळजवळ वीसपट मोठे गाव झाले; आणि ही भर मुख्यतः तरुण व अविवाहित पुरुषांची होती.

अविवाहित हा शब्द येथे जपून घेतला पाहिजे. ह्या पुरुषांचे अविवाहित असणे हा सैन्याच्या नियमाचा भाग होता. शंभर शिपायांमागे सुमारे सहांनाच लग्नाची परवानगी मिळे. अशा शिपायाची बायको पटावर घेतलेली समजली जाई; तिला बराकीत जागा आणि शिधा मिळे. परवानगीवाचून लग्न करणाऱ्याची बायको पटाबाहेरची. तिचे लग्न चर्चमध्ये विधिपूर्वक झालेले असले तरी सैन्याच्या दृष्टीने ती कोणीच नव्हे. पलटण हलली की ती मागे राही. धुणी धुवावी, शिवणकाम करावे, नाहीतर मिळेल तो मार्ग धरावा. म्हणजे एकच स्त्री देवाच्या पुस्तकात पत्नी आणि पलटणीच्या पुस्तकात शून्य अशी असू शके. तिसऱ्या पुस्तकात तिचे नाव कोणत्या सदराखाली चढले हे आता पाहू.

क्रिमियन युद्धानंतर सैन्याच्या आरोग्याची आकडेवारी काळजीपूर्वक ठेवण्यात येऊ लागली. १८६४ साली ब्रिटनमधील सैन्यात दर हजारी सुमारे २९० इतके रुग्णालयप्रवेश गुप्तरोगांमुळे झाले. ह्यावर एक उपाय शिपायांचीच तपासणी करण्याचा होता. तो पूर्वी चालू होता. परंतु शिपायांच्या स्वाभिमानास धक्का बसतो, त्यांचे मनोधैर्य खचते, अशा कारणांवरून १८५९ मध्ये तो सोडून देण्यात आला. मग राहिल्या स्त्रिया. त्यांच्या मनोधैर्याचा विचार कोणी केलेला आढळत नाही.

१८६४ साली ‘कंटेजियस डिसीझेस ॲक्ट’ पार्लमेंटात फारशा चर्चेवाचून संमत झाला. गुरांच्या साथींविषयीच्या कायद्यांना साधारणतः हेच नाव असल्यामुळे अनेक सभासदांना हा गुरांचाच कायदा वाटला, असे त्याचे विरोधक पुढे सांगत. ही गोष्ट अक्षरशः खरी नसली तरी नावाच्या निवडीवर प्रकाश टाकणारी आहे. ब्रिटन व आयर्लंडमधील अकरा लष्करी व आरमारी ठिकाणांना तो लागू झाला, आणि त्यांत ऑल्डरशॉट होते. अमुक स्त्री ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ असून रोगी आहे असे मानण्यास सबळ कारण आहे, अशी खबर पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यापुढे द्यावी. त्याच्या हुकुमाने तिची वैद्यकीय तपासणी व्हावी. रोग आढळल्यास तिला इस्पितळात तीन महिन्यांपर्यंत अडकवून ठेवावे. १८६६ च्या कायद्याने रोगाच्या संशयाचीही गरज उरली नाही. नोंदलेल्या स्त्रीची ठराविक कालाने तपासणी सुरू झाली आणि अटकाव सहा महिन्यांवर गेला. १८६९ च्या कायद्याने तो नऊ महिन्यांवर नेला आणि ठिकाणांची संख्या अठरा झाली. अंमलबजावणी साध्या वेषातील लंडन पोलिसांकडे होती. ऑल्डरशॉटच्या रहिवाशांना हे लोक परके, आणि त्यांना रहिवासी परके.

आता त्या शब्दाकडे वळू. ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ ही संज्ञा १८२४ च्या व्हेग्रन्सी ॲक्टमध्ये आलेली होती. परंतु तेथेही नाही आणि १८६४, १८६६, १८६९ च्या कायद्यांतही नाही, अशी तिची व्याख्या कोठेच दिलेली नाही. न्यायालयाने तिचा अर्थ विस्ताराने सांगितला तो १९१८ सालच्या एका खटल्यात. ज्या संज्ञेवर एखाद्या स्त्रीचे स्वातंत्र्य नऊ महिने अवलंबून राही, ती जवळजवळ शंभर वर्षे अर्थनिश्चयावाचून वावरत होती.

‘कॉमन’ याचा येथील अर्थ क्षुद्र किंवा नेहमीचा असा नसून सर्वांना खुला असा आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास हे सांगावयास नकोच. स्वीया, परकीया आणि सामान्या ह्या नायिकाभेदांतील तिसरी, जिला ‘साधारणा’ असेही म्हटले आहे, ती गणिका होय. म्हणजे ‘सामान्या’ आणि ‘कॉमन वुमन’ ह्यांच्या मुळाशी कल्पना एकच आहे. भेद पुढे आहे. सामान्या ही काव्यातील वर्गवारी आहे. नायिकेचे नाव पोलिसाच्या वहीत चढवून कोणी तिला इस्पितळात नेत नाही. ऑल्डरशॉटच्या बाबतीत ह्या विशेषणाचा आणखीही एक उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याला आपण गायरान म्हणतो त्याला इंग्रजीत ‘कॉमन’ असेच नाम आहे. गावाची गुरे ज्यावर चरत, जळण ज्यावरून येई, तो माळ सरकारी होऊन सर्वांचा राहिला नाही. आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्याच्या कडेस राहणाऱ्या काही स्त्रिया कायद्याने ‘सर्वांच्या’ ठरू लागल्या. ह्यातून कोणताही सिद्धान्त काढावयाचा नाही. शब्दांच्या इतिहासात अशा गाठी पडतात इतकेच.

स्त्रीवाचक शब्दांची घसरण हा भाषाशास्त्रातील परिचित विषय आहे. इंग्रजीत ‘हाउसवाइफ’चे जे जुने रूप त्यापासून ‘हझी’ म्हणजे निर्लज्ज स्त्री हा शब्द आला. ‘क्वीन’शी संबद्ध अशा, मुळात केवळ बाई एवढाच अर्थ असणाऱ्या शब्दापासून ‘क्वीन’ असाच उच्चारला जाणारा पण वेगळ्या लेखनाचा, कुलटा ह्या अर्थाचा शब्द झाला. मराठीत ‘कसब’ म्हणजे कौशल्य व उद्योग, ‘कसबी’ कारागीर हे भूषण, आणि ‘कसबीण’ हा मात्र शिवीच्या जवळ जाणारा शब्द. परंतु ही घसरण लोकांच्या तोंडी शतकानुशतके होत गेलेली आहे. ऑल्डरशॉटमध्ये घडले ते निराळे. तेथे एका शब्दाचा अर्थ कोणी बदलला नाही. तो शब्द कोणाला लागू आहे हे ठरविण्याचा अधिकार एका खात्याकडे गेला.

हा अधिकार प्रत्यक्षात कसा चाले याचे उत्तम उदाहरण म्हणजे कायद्यातील स्वेच्छापत्र. स्त्रीने दंडाधिकाऱ्यापुढे न जाता आपण होऊन तपासणीस मान्यता द्यावी, म्हणजे उघड्या न्यायालयातील शोभा टळते, अशी ही सोय होती. पोलीस दारी येई, कागद पुढे करी, आणि स्त्री सही करी अथवा सही येत नसल्यास फुली काढी. ती एकदा काढली की ती स्त्री मुदतीपुरती नियमित तपासणीस बांधली जाई आणि आपण कायद्याच्या अर्थाने वेश्या आहो ही तिची कबुलीही त्यातच आलेली समजली जाई. पुष्कळ स्त्रियांना कागदावरील मजकूर वाचता येत नव्हता, हा कायद्याच्या विरोधकांचा आक्षेप होता. जे. एल्. ऑस्टिन यांच्या मरणोत्तर १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत तर ती घडवितात, असे प्रतिपादन आहे. नामकरण आणि विवाहविधी ही त्यांची नेहमीची उदाहरणे. ह्या स्वेच्छापत्रावरील फुली हेही तसेच एक उदाहरण होय, आणि ज्याने बोलावयाचे त्याला आपण काय बोलत आहो हे ठाऊक नसतानाही क्रिया सिद्ध होते, हा त्यातील विशेष.

अमेरिकन इतिहासकार जूडिथ वॉकोविट्झ यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्लिमथ आणि साउदॅम्प्टन ह्या शहरांचे बारकाईने संशोधन केले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की, कायद्यापूर्वी देहविक्रय हा गरीब तरुणींच्या आयुष्यातील बहुधा एक तात्पुरता टप्पा असे. चाकरी सुटली, हंगाम संपला की त्याकडे वळावे, पुढे लग्न किंवा दुसरे काम मिळाले की सोडावे. शेजारी हे जाणून असत आणि त्यांच्यात राहणे अशक्य होत नसे. नोंदणी सुरू झाल्यावर पोलिसाची दारावरची थाप आणि ठराविक दिवशी तपासणीला जाणे ह्यांमुळे सगळ्या गल्लीला कळले, आणि ज्यातून बाहेर पडता येत होते ते कायमचे झाले. नाव पटावरून काढून घ्यावयाचे तर अर्ज करावा लागे. ऑल्डरशॉटला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तेथे जुनी गल्ली आणि जुने शेजारी होतेच कोठे? परंतु शेजारच्या फार्नमच्या परिसरातील हॉप्सच्या मळ्यांतील हंगामी तोडणी, छावणीची धुणी आणि मोलकरणीची चाकरी ही कामे पाहता, तेथील स्त्रियाही असेच आलटून पालटून जगत असाव्यात असे मानण्यास जागा आहे. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी पोलिसांचे वार्षिक आकडे पुढे करून वेश्यांची संख्या घटली असे दाखविले. नोंद टाळण्यासाठी हद्दीबाहेर गेलेली स्त्रीही ह्या हिशेबात ‘घटलेली’च होती.

१८७५ च्या मार्च महिन्यात बेसिंगस्टोक कालव्यात एका विधवेचे प्रेत सापडले. मिसेस पर्सी ह्या नावाने ती ऑल्डरशॉटच्या करमणुकीच्या सभागृहांत गात असे आणि त्यावर आपल्या मुलांचे पोषण करीत असे. पोलिसांनी तिला आणि तिच्या अल्पवयीन मुलीला तपासणीस येण्यास फर्माविले होते. तिने नकार दिला. त्यानंतर तिला काम मिळेनासे झाले. मृत्यूपूर्वी तिने ‘डेली टेलिग्राफ’ला पत्र लिहून आपली हकीकत कळविली होती. ह्या प्रकरणाने देशभर खळबळ उडाली आणि कायद्याविरुद्धच्या सभांना ऊत आला.

पुढे वाद माजला तो ती ‘तशी’ होती की नव्हती ह्यावर. पोलिसांच्या बाजूचे म्हणत, होती. आंदोलक म्हणत, ती प्रामाणिक कलावंत होती. दोन्ही पक्षांनी शब्द एकच मान्य केला होता आणि तो लागू पडतो की नाही एवढाच त्यांचा झगडा होता. इतिहासकाराने ह्या वादात निर्णय देण्याचा प्रयत्न करावा असे आम्हांस वाटत नाही. गाणारी, विधवा, आई, शिपायांच्या ओळखीची, ही सर्व विशेषणे एकाच वेळी खरी असू शकतात. एकाच सदरात नाव लिहिण्याची निकड पोलिसाच्या वहीस होती, त्या बाईस नव्हती. ह्या साऱ्या प्रकरणात तिचे स्वतःचे असे जे ऐकू येते ते त्या पत्रामुळे. नोंद झालेल्या इतर स्त्रियांची अशी पत्रे क्वचितच आहेत.

आंदोलनाचे नेतृत्व जोसेफिन बटलर यांच्याकडे होते. १८६९ च्या अखेरीस स्त्रियांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली आणि १ जानेवारी १८७० च्या ‘डेली न्यूज’मध्ये तिचे निवेदन छापले गेले, सही करणाऱ्यांत हॅरिएट मार्टिनो आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. गुलामगिरीच्या विरोधकांचा ‘ॲबॉलिशनिस्ट’ हा शब्द ह्या मंडळींनी स्वतःकरिता घेतला. त्याच काळातील रॉयल कमिशनने १८७१ मध्ये असे मत दिले की, स्त्री हे कृत्य लाभासाठी करते तर पुरुष नैसर्गिक प्रवृत्तीच्या अनियमित तृप्तीसाठी, म्हणून दोघांची तुलनाच होऊ शकत नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कायद्याने स्त्रीला नाम दिले आणि पुरुषाला केवळ क्रियापदावर सोडले. त्या पुरुषाला नाम मिळून गुन्हेगार ठरण्यास इंग्लंडात १९८५ साल उजाडावे लागले, जेव्हा रस्त्यालगत मोटार हळूहळू चालवीत स्त्रियांना हटकणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला.

१८८३ मध्ये सक्तीची तपासणी थांबविण्यात आली आणि १८८६ मध्ये हे कायदे रद्द झाले. हिंदुस्थानात त्यांची छाया अधिक काळ रेंगाळली. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी ठाण्यांत अशीच नोंदणी व तपासणी चालू झाली होती, आणि १८६८ च्या चौदाव्या कायद्याने ती शहरांना लावता येऊ लागली. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये अमलात आला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा जारी झाला आणि १८८८ मध्ये संपला. आपल्याकडील छावणीगावांच्या इतिहासासाठी हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे की, इंग्लंडात नोंदलेल्या स्त्रियांना ‘राणीच्या बाया’ म्हणत, आणि उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांची पाहणी करून आलेल्या दोन अमेरिकन स्त्रियांनी आपल्या पुस्तकाच्या नावात हिंदी स्त्रियांना ‘राणीच्या कन्या’ म्हटले. पहिल्या नावात कुचेष्टा होती, दुसऱ्यात राणीला उद्देशून टोमणा.

विसाव्या शतकात ऑल्डरशॉट १९२२ मध्ये बरो झाले आणि आपणास ब्रिटिश सैन्याचे घर म्हणवू लागले. कायद्यातील ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ मात्र होती तेथेच होती. १९५७ च्या वूल्फेंडन समितीने खासगी नीती हा कायद्याचा विषय नव्हे, रस्त्यावरील उघड उपद्रव हा आहे, असा भेद केला. त्यावरून १९५९ चा स्ट्रीट ऑफेन्सेस ॲक्ट झाला. व्यवहारात पोलीस एखाद्या स्त्रीस दोनदा ताकीद देऊन तिची नोंद ठेवीत आणि तिसऱ्यांदा तिच्यावर ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ म्हणून खटला भरीत. म्हणजे न्यायालयात ती उभी राही तेव्हा तिचे ते नाव पोलिसांच्या कार्डावर आधीच सिद्ध झालेले असे. १८६६ ची वही नव्या रूपात परत आली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रस्ता बंद झाल्यावर व्यवसाय दाराआड व दूरध्वनीवर गेला, आणि तेथे ‘एस्कॉर्ट’ हा शब्द त्याच्या कामी आला. ह्या शब्दाचे मूळ इटालियन ‘स्कोर्ता’. त्याचा अर्थ वाटाड्या वा संरक्षक. फ्रेंचमधून सोळाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला तो प्रवाशाबरोबर जाणारी सशस्त्र तुकडी ह्या अर्थाने, म्हणजे शुद्ध लष्करी शब्द म्हणून. ऑल्डरशॉटच्या बराकींत तो रोजच्या वापरातला असणार. पुढे समारंभास सोबत करणारा असा सौम्य अर्थ आला, आणि विसाव्या शतकात पैसे घेऊन सोबत करणारी व्यक्ती. इंग्लंडमध्ये देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. परंतु कुंटणखाना चालविणे गुन्हा आहे, आणि दोन स्त्रियांनी एका जागी मिळून हे काम केले तरी ती जागा कुंटणखाना ठरू शकते. तेव्हा एकटीने काम करणे आणि सोबतीचा मोबदला म्हणून पैसे घेणे ही भाषा कायद्याच्या फटीत नेमकी बसते. शब्द सभ्य आहे म्हणून तो दांभिक आहे, असे घाईने म्हणू नये. ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ हे पोलिसांनी दिलेले नाव. ‘एस्कॉर्ट’ हे निदान व्यवसायाने स्वतः घेतलेले आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्यात एक नवी अडचण आहे. पोलिसाच्या वहीत स्त्रीचे खरे नाव आणि खोटे वर्णन असण्याचा संभव असे. जाहिरातीत वर्णन तिच्या पसंतीचे असले तरी नाव टोपण असते.

२००९ च्या पोलिसिंग अँड क्राइम ॲक्टने स्ट्रीट ऑफेन्सेस ॲक्टमधील ‘कॉमन प्रॉस्टिट्यूट’ हे शब्द काढून त्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द घातला. जुन्या शिक्षांच्या नोंदी त्यामुळे पुसल्या गेल्या नाहीत. अशा शिक्षा झालेल्या काही स्त्रिया, ज्यांनी हा व्यवसाय अनेक वर्षांपूर्वी सोडला होता, न्यायालयात गेल्या. मुलांसंबंधीचे वा आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे काम मागावयास गेले की ह्या नोंदी मालकापुढे येतात अशी त्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने अशा सरसकट प्रकटनाविरुद्ध त्यांच्या बाजूने निकाल दिला. नोंदी मुळातच राखून ठेवू नयेत ही त्यांची दुसरी मागणी मात्र न्यायालयाने फेटाळली. पोलिसांच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या नोंदी संबंधित स्त्री शंभर वर्षांची होईपर्यंत राहावयाच्या होत्या.